सुट्टा की पेटीबंद

शिमगा उलटला की निपाणीला वास सुटतो. बेळगावहून येताना बस तवंदीचा घाट उतरायला लागली की तो एकदा चाहूल देतो, मग विसरल्यासारखा निघून जातो, आणि स्टँडवर पाय ठेवला की पुन्हा पदर धरतो. वखारी भरलेल्या असतात, दारं सताड उघडी असतात, आत चाळण्या हलत असतात, आणि तंबाखूचा खकाणा, म्हणजे ती डोळ्यांना न दिसणारी तिखट धूळ, गावभर हिंडत असते. बाहेरगावचा माणूस लगेच शिंकतो. आमच्याकडं शिंकेवरून माणूस कुठला ते ओळखतात.

मी शिंकत नाही. बेळगावात इतकी वर्षं राहून, ए.सी.च्या ऑफिसात बसून, चहासुद्धा बिनसाखरेचा प्यायला लागून माझं पुष्कळ काही बदललं. नाक बदललं नाही. त्याचा मला अभिमान आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. माझे वडील, आप्पा, वखारीत माल बघायचे. आई विड्या वळायची. ह्याच वासात मी पाढे पाठ केले आणि ह्याच वासात इंजिनियर झाले.

यंदा वासाच्या आधी मेसेज आला. माझ्या भावाची मुलगी तन्वी, पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षा संपवून मोकळी झालेली. तिनं लिहिलं होतं, ‘आत्ती, कॉम्प्युटर जोडायचा हाय. प्रोसेसर ट्रेमधला घेऊ का बॉक्समधला? ओव्हरक्लॉक करणार हाय.’ उत्तर दोन ओळींचं होतं. मी ह्याच धंद्यातली आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ते लिहायला मला तीन दिवस लागले.

ह्यातलं ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडं सांगते. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं काळीज, बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. तो बाजारात दोन रूपांत मिळतो. एक पेटीतला: वर कंपनीचं चमकतं सील, आत तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत कंपनीचाच छोटा पंखा. दुसरा ट्रेमधला: हा खरं तर घाऊक कॉम्प्युटर बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी असतो, अंड्यांच्या ट्रेसारख्या प्लास्टिकच्या खाचांत बसून येतो. त्याला पेटी नाही, पंखा नाही, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. तुकडा मात्र तोच, एकाच भट्टीतला. आणि ओव्हरक्लॉकिंग म्हणजे त्या तुकड्याला कंपनीनं आखून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं.

हे मी कॉलेजात असताना आप्पांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते जेवत होते. घास हातात धरून त्यांनी ऐकून घेतलं.

‘‘म्हंजे बैलाला टोचून पळवल्यागत?’’

‘‘तसंच म्हणा.’’

‘‘मग तापत असंल की गं ते.’’

‘‘लई तापतंय.’’

‘‘बैलबी तापतोय,’’ ते म्हणाले आणि जेवायला लागले. शेती नव्हती आमची, बैल कधी दारात नव्हता. तरी पहिल्या प्रश्नातच त्यांनी मुद्द्याला हात घातला होता. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. माझं वय असं होतं की आपल्याला कळलेली गोष्ट घरात दुसऱ्या कुणाला कळू शकते, हेच पटत नव्हतं.

आप्पांचं काम काय होतं ते नीट सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शेतकऱ्याचा तंबाखू वखारीत बोदांतून येतो. बोद म्हणजे माणसाच्या छातीला लागेल एवढं गोणपाटात शिवलेलं पोतं. आप्पा त्या बोदाची शिवण एका बाजूनं उसवायचे, कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि मधला मूठभर जर्दा बाहेर काढायचे. तळहातावर पसरायचे. अंगठ्यानं एकदा रगडायचे. मग नाकाशी न्यायचे. एवढ्यावर तो माल पहिल्या नंबरचा की तिसऱ्या, ओल किती, पाऊस लागलाय का, कुणाच्या रानातला, हे सांगायचे. मालक त्यांच्याकडं बघून भाव बोलायचा. घरी आले की त्यांचा उजवा अंगठा तपकिरी असायचा. आई म्हणायची, ‘‘तुमचा हा आंगठा तेवढा वखारीतच ठेवून येत जावा. भाकरीला वास लागतोय.’’

बोदाबद्दल त्यांचं एक बोलणं मी लहानपणापासून ऐकलं होतं. वखारीत नवा माणूस लागला की ते त्याला सांगायचे, ‘‘तोंडाजवळचा माल बघू नको. तोंडाजवळ सगळं गावच चांगलं असतंय.’’

माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी आप्पांचंच काम निवडलं होतं. पांढऱ्या कागदावर चिमूट चिमूट जर्दा पसरायचा, वरून फोटो काढायचा, आणि तो कुठल्या नंबरचा ते कॉम्प्युटरनं ओळखायचं. सरांना विषय आवडला. मलाही आवडला. आज विचार केला तर वाटतं, त्यात आप्पांवरची माया होती तेवढीच थोडी खोडीही होती. तुमचा उभा जन्म ज्यात गेला ते मी दोन महिन्यांत मशीनकडून करून घेते, अशी. शेकड्यानं फोटो चाळायला वेगवान मशीन लागणार होतं. ऐपत मधल्या मशीनची होती. म्हणून ओव्हरक्लॉकिंग. मधलं घ्यायचं आणि वरच्यासारखं पळवायचं.

तर प्रोसेसर घ्यायला आप्पा निपाणीहून सकाळच्या गाडीनं बेळगावला, माझ्या कॉलेजच्या गावी, आले. इस्त्रीचा पायजमा, पांढरी टोपी. खिशात पेन. आप्पांना सहीपुरतं लिहिता यायचं, पण बेळगावला यायचं म्हणजे सरकारी कामाला यायचं अशी आमच्याकडची सवय, आणि सरकारी कामाला पेन लागतं.

दुकान एका बोळात होतं, वरच्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

‘‘बर्री, कूड्री,’’ दुकानदारानं कानडीत या-बसा केलं आणि आप्पांच्या पुढं स्टूल सरकवलं. मग माझ्याकडं वळून त्यानं कुठला पाहिजे ते विचारलं, ‘‘बॉक्स बेका, ट्रे बेका?’’

आप्पांना कानडी येत होतं, शब्द कळले, वस्तू कळली नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी घाईघाईनं समजावलं, बॉक्स म्हणजे पेटीत बंद, ट्रे म्हणजे असाच, उघडा.

‘‘म्हंजे सुट्टा,’’ आप्पा म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. तो जिना, तो थंडगार काचेचा काउंटर, भिंतीवरची इंग्रजी पोस्टरं, ह्या सगळ्यात त्यांना पहिल्यांदाच एक ओळखीचा शब्द भेटला होता. ते स्टुलावरून उठले आणि वखारीतल्या आवाजात म्हणाले, ‘‘सुट्टा दावा की मालक. सुट्टा बघून घेता येतोय.’’

माझ्या वर्गातली दोन मुलं मागं उभी होती. त्यांच्यात खुसखुस झाली. हिंदीत सुट्टा म्हणजे विडी-सिगारेटचा झुरका. त्यातला एकजण हळूच म्हणाला, ‘‘अंकल को सुट्टा चाहिए.’’

दुकानदार हसला नाही, हे सांगायला पाहिजे. त्यानं आतून ट्रे आणला आणि काउंटरवर ठेवला. खाचांत तीन प्रोसेसर होते. डोक्यावरच्या चकचकीत पत्र्यावर बारीक अक्षरं कोरलेली. आप्पा वाकले. उजवा हात पुढं आला. तो तपकिरी अंगठा.

मी ट्रे माझ्याकडं ओढला.

‘‘आप्पा, ही वखार नाही. ह्यातलं तुम्हाला काय कळतं?’’

हे मी आमच्या बोलीत बोलले असते तर कदाचित एवढं लागलं नसतं. ‘तुमाला काय कळतंय’ असं आई दिवसातनं चारदा त्यांना म्हणायची आणि ते हसायचे. मी पुस्तकातल्या मराठीत बोलले. त्या वर्षी मी तसं बोलायला शिकले होते. आमच्या भागात पोरीबाळी ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात; हॉस्टेलवर सगळ्या हसल्या म्हणून मी जीभ वळवून ‘येते’, ‘जाते’ केलं होतं. ती वळवलेली जीभ मी वडिलांवर पहिल्यांदा त्या दुकानात वापरली.

आप्पांनी हात मागं घेतला. पायजम्याला पुसला. हाताला काही लागलं नव्हतं.

‘‘व्हय, खरं हाय,’’ ते म्हणाले. ‘‘तुला कळतंय. तू घे.’’

मी पेटीतला घेतला. मी काय वाचलं होतं, का घेतला, ह्याची यादी तेव्हा माझ्याजवळ तयार होती. पण खरं कारण त्या यादीत नव्हतं. पेटी चकचकीत होती, तिला सील होतं, आणि मागं दोन मुलं उभी होती.

स्टँडवर आप्पांनी मला उसाचा रस पाजला. स्वतः घेतला नाही. गाडी लागली तशी मी ‘‘येते आप्पा,’’ म्हणाले. ते खिडकीत बसून ‘‘ये,’’ म्हणाले. त्यांच्या मांडीवर प्रोसेसरची पेटी होती, दोन्ही हातांनी धरलेली. बोर्ड आणि बाकीचं सामान मी मागाहून नेणार होते, काळीज तेवढं त्यांच्याबरोबर पुढं निघालं होतं.

त्या साली चैत्र फार कडक गेला. आमचं घर तेव्हा पत्र्याचं होतं. परीक्षेआधीच्या रजेत मी निपाणीला आले, मशीन जोडलं आणि पळवायला लागले. इथं मला पेटीतल्या मालाची ओळख झाली. वेग थोडा वाढवला की स्क्रीन निळा पडायचा आणि मशीन मान टाकायचं. व्होल्टेज वाढवलं की तुकडा तापायचा. तो पेटीतला छोटा पंखा म्हणजे तापलेल्या तव्यावर फुंकर. मोठा पंखा वेगळा घ्यावा लागला. म्हणजे पेटीतला पंखा फुकट गेला. आणि वेग वाढवल्याबरोबर वॉरंटीही संपली, हे पेटीतल्याच कागदावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. ज्या दोन गोष्टींसाठी पेटी घ्यायची, त्या दोन्ही मी पहिल्या आठवड्यात माझ्या हातानं टाकून दिल्या.

पुढं हळूहळू बाकीचं कळलं. एकाच भट्टीतून निघालेले तुकडेही सारखे नसतात. एखादा गार डोक्याचा असतो, कितीही पळवा, एखादा जन्मतः तापट. कुठल्या आठवड्यात, कुठल्या कारखान्यात निघाला ते डोक्यावरच्या अक्षरांत असतं. जाणती पोरं दुकानात जाऊन ट्रेमधले तुकडे बघतात, अक्षरं वाचतात, कडा बघतात, कुणी आधी वापरलाय का, पाठीवरचा एखादा बारीक ठिपका खरवडलाय का ते तपासतात, आणि मग हात घालतात. सुट्ट्यात फसवणूकही होते, नाही असं नाही. पण ती बघणाऱ्याला दिसते. पेटीतला मात्र जो आला तो आला. पळवायचं असेल त्यानं बघून घ्यावा. ज्याला पळवायचं नाही, नुसतं सुखानं वापरायचंय, त्यानं खुशाल पेटी घ्यावी.

म्हणजे आप्पा जे म्हणाले होते तेच. अक्षर न अक्षर. सुट्टा बघून घेता येतोय.

हे मला त्याच उन्हाळ्यात कळलं होतं. मी त्यांना सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू असंही नव्हतं. सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही.

मशीनमध्ये खकाणा जायचा. आप्पा संध्याकाळी वखारीतनं येऊन सदरा खुंटीला अडकवायचे, ती खुंटी माझ्या टेबलाच्या वर. चार दिवसांत पंख्याच्या पात्यांना तपकिरी साय धरायची. मी जुना ब्रश घेऊन झाडायची आणि कुरकुरायची. एक दिवस बघते तर खुंटीवर सदरा नाही. आप्पा तो बाहेर न्हाणीच्या दोरीवर टाकून उघड्या अंगानं घरात यायला लागले होते.

आणि एका दुपारी तापमान उतरलं. प्रोग्राममध्ये आकडा दिसायचा, तो चार-पाच अंशांनी खाली आला आणि तिथंच राहिला. सकाळीच मी व्होल्टेजमध्ये थोडा बदल केला होता. मला वाटलं साधलं. मी वहीत तो बदल लिहून ठेवला, खाली दोन रेघा मारल्या. रिपोर्टातही घातला. इंग्रजीत त्यावर अर्धं पान आहे, कुणालाही दाखवते.

दोन वर्षांनी, मी नोकरीला लागल्यावर, आई भांडी घासता घासता म्हणाली, ‘‘त्या साली तुझ्या मशिनीपायी तुझा बा पत्र्यावर चढलाता. उसाचा पाला पसरला सगळा. जेवायच्या सुट्टीत येऊन वर पाणी मारून जायचा रोज. मी म्हंटलो, जेवून तरी जावा. तर म्हणतोय, पोरगीचं मशीन तापतंय.’’

मी विचारलं, मला का सांगितलं नाही.

‘‘त्येनंच सांगू नगं म्हंटलं. तिला कळतंय म्हणाला, आपून मधी बोलायचं न्हाय.’’

मी खोलीत बसून व्होल्टेजचं गणित मांडत होते आणि डोक्यावर, पत्र्याच्या वर, माणूस चालत होता. पत्रा वाजला असणारच. मला माकडं वाटली असतील.

पण सगळ्यात जास्त लागतं ते प्रोजेक्टचं. जर्द्याचे नमुने आप्पाच आणून द्यायचे. कागदाच्या पुड्या, प्रत्येक पुडीवर पेनानं नंबर: एक, दोन, तीन. मी फोटो काढायची. दुकानाच्या आधी जे दोन-चार दिवस आम्ही हे केलं, तेव्हा ते नमुन्याबरोबर बोलायचे. ‘‘हा बघ, ह्याचा रंग बरा हाय, पर रगडल्यावर चिकटतोय, म्हंजे ओल राहिल्या. हा कागदावर सारखाच दिसंल, वास घे, वाळताना रातीचं दव खाल्लं न्हाय ह्येनं.’’ त्यातलं मी काहीच टिपून घेतलं नाही. मला नंबर हवा होता. दुकानानंतर ते नुसता नंबर द्यायला लागले. पुडी ठेवायची, ‘‘दोन,’’ म्हणायचं, आणि उठायचं. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काम भराभर होतंय म्हणून मला बरंच वाटलं होतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी दोन फोटो शेजारी ठेवले. म्हणाल्या, ‘‘हे मला सारखेच दिसतात. एक दोन नंबर, एक तीन नंबर. का?’’

मी म्हणाले, ‘‘डेटा तसा आहे, मॅडम.’’

त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. मार्क चांगले पडले. मी पास झाले, घरातली पहिली. आप्पांनी वखारीत पेढे वाटले. पदवी घेतानाचा माझा फोटो भिंतीवर लागला, आणि फोटोखालच्या फळीवर आप्पांनी प्रोसेसरची ती रिकामी पेटी ठेवली, सील दिसेल अशी. कोण आलं की दाखवायचे. ‘‘पोरीनं पेटीबंद घेतला. मी सुट्टा म्हणत हुतो, तिनं ऐकलं न्हाय. तिला कळतंय त्यातलं.’’ हे ते कौतुकानं सांगायचे. पाहुणे माझ्याकडं बघायचे आणि मी चहाचा ट्रे घेऊन आत जायची.

‘तुला कळतंय.’ त्या दिवसापासून हे आमच्यातलं शेवटचं वाक्य झालं. कुठली नोकरी घेऊ म्हणून विचारलं, ‘‘तुला कळतंय.’’ बेळगावजवळ हिंडलग्याला घर बघायला त्यांना मुद्दाम नेलं, भिंतीला हात लावा, सांगा कशी आहे, असं मी म्हणाले. ते दारात चपला काढून उभे राहिले. ‘‘चांगलंच असंल. तुला कळतंय.’’ भिंतीला ओल होती. पहिल्या पावसाळ्यात कळली. आप्पांच्या अंगठ्याला ती तेव्हाच कळली असती. लोकांना वाटतं बाप किती विश्वास टाकतो मुलीवर. मी कुणाला काय सांगू. त्या वाक्यात राग कधीच नव्हता, असता तर मी भांडले असते. ते मनापासून तसं मानायला लागले होते, आणि मानायला मी शिकवलं होतं.

मधे काही वर्षांपूर्वी आप्पांना ताप आला. ताप गेला, वास घेऊन गेला. महिनाभरात येईल म्हणाले डॉक्टर. आला नाही. आप्पांनी वखार तेव्हा सोडलीच होती, तरी हंगामाला जुन्या मालकाचं बोलावणं यायचं, अवघड बोद असला की. ते बंद झालं. शिमगा उलटल्यावर घरात सगळे म्हणतात, सुटला वास. आणि आप्पा सगळ्यांच्या तोंडाकडं बघतात. मला मग त्या पुड्या आठवतात. का दोन, का तीन, हे आता विचारलं तरी अर्धंच मिळेल. वासाचा अर्धा भाग गेला तो गेला. तो टिपून ठेवायला घरात शिकलेली एकच मुलगी होती आणि ती फोटो काढत होती.

तन्वीला तिसऱ्या दिवशी उत्तर लिहिलं. ‘ट्रेमधला घे. मी बघून आणतो.’ पाठवल्यावर दिसलं, ‘आणते’ लिहायचं राहिलं होतं. तसंच ठेवलं.

मी त्याच बोळातल्या दुकानात गेले. जिना तोच. दुकानदाराचा मुलगा बसतो आता. मी म्हणाले, ‘‘सुट्टे आहेत का? बघून घेईन.’’ त्यानं पाच समोर ठेवले. मी चष्मा लावून अक्षरं वाचली, कडा बघितल्या, अर्धा तास घेतला. तो म्हणाला, ‘‘मॅडम, असं कोण बघत नाही आता.’’ मी म्हणाले, आमच्याकडं बघतात.

रविवारी निपाणीला गेले. आप्पा पुढच्या सोप्यात खुर्चीत बसले होते. घर आता स्लॅबचं आहे, खुंटी नाही. तन्वी आत बोर्ड मांडून बसली होती, प्रोसेसरची वाट बघत. मी तो तिला दिला नाही. खुर्चीजवळ खाली बसले आणि म्हणाले,

‘‘आप्पा, त्या साली दुकानात तुमचंच बरोबर होतं. सुट्टाच घ्यायला पाहिजे होता.’’

वाटेत बसमध्ये मी हे वाक्य कितीदा म्हणून बघितलं होतं. म्हटल्यावर ते एवढंसं निघालं.

कुठलं दुकान हे त्यांना विचारावं लागलं नाही.

‘‘बरोबर कुठलं गं,’’ ते म्हणाले. ‘‘मला काय त्यातलं ठावं? वायला वायला, एकेक, बघून घ्यावं म्हणून न्हवतो म्हंटलो मी.’’

‘‘मग?’’

‘‘मला बघायचं हुतं ते. चार वरसं शिकत हुतीस, कशाचं शिकत हुतीस ते एकदा हातात घेऊन बघावं म्हंटलं. सुट्टा असला की हातात मिळतोय. पेटी तू फोडलीस, बसवलंस, वरनं पंखा बसला.’’ त्यांनी हातानं झाकण लावल्यासारखं केलं. ‘‘मला दिसलंच न्हाय.’’

फळीवरची ती पेटी मी इतकी वर्षं बघत होते. ते आल्यागेल्याला ती का दाखवतात, ते मला तेव्हा कळलं. दाखवायला त्यांच्याजवळ पेटीच होती.

तन्वी दारात येऊन उभी राहिली होती. मी पिशवीतनं प्लास्टिकची डबी काढली, उघडली. आप्पांनी उजवा हात पुढं केला. अंगठ्याचा तपकिरी रंग आता नखाच्या कडेला तेवढा उरलाय.

‘‘आज्जा, कडंनं धर हां,’’ तन्वी घाईनं म्हणाली. ‘‘खालच्या बाजूला हात लावू नको.’’

‘‘चिमटीत धरायचं मला शिकवू नगंस,’’ आप्पा म्हणाले.

आणि खरंच, त्यांनी तो असा उचलला की आमच्या ऑफिसातल्या पोरांनी बघावं. दोन बोटांत, फक्त कडा. उजेडाकडं धरला. डोक्यावरची अक्षरं बघितली, त्यांना वाचता येत नव्हती तरी बघितली. उलटा केला. पाठीवरचे सोनेरी ठिपके, ओळीनं, शेकड्यानं. बराच वेळ बघत राहिले.

‘‘बारीक काम हाय,’’ ते म्हणाले.

‘‘व्हय.’’

मग, मला वाटतं त्यांना स्वतःलाही कळलं नसेल, हात आपोआप वर गेला आणि त्यांनी तो तुकडा नाकाशी नेला. डोळे मिटले. वखारीत मिटायचे तसे. बाहेर हंगाम ऐन भरात होता, वास घरात भरून राहिला होता, आणि आप्पा श्वास आत ओढत होते. तन्वीनं माझ्याकडं बघितलं. मी तिला मानेनं गप्प राहा म्हणाले.

आप्पांनी डोळे उघडले. चेहरा पडला होता.

‘‘न्हाय येत,’’ ते म्हणाले. ‘‘वास न्हाय येत गं मला.’’

‘‘ह्याला वास नसतोच, आप्पा. कुणालाच येत न्हाय. मलाबी.’’

त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, मी समजूत तर काढत नाही ना म्हणून. मग त्यांनी तो तुकडा माझ्या नाकाशी धरला. मी वास घेतला. डोळे मिटून, मन लावून घेतला. काहीच नव्हतं.

‘‘न्हाय ना?’’

‘‘न्हाय.’’

‘‘मग ह्यात तरी तू आणि मी सारखंच,’’ आप्पा म्हणाले, आणि तो तन्वीच्या हातात द्यायच्या आधी त्यांनी अंगठ्यानं त्याची कड एकदा, अगदी हलक्या हातानं, पुसली.